अडतीस सेकंद

इस्पितळात त्याला सगळे तारओढे म्हणत. नव्या नर्सना तर ते त्याचं आडनावच वाटायचं, आणि त्यानंही कधी खुलासा केला नाही. तळमजल्यावरच्या थंडगार सर्व्हर-खोलीत, बारा महिने स्वेटर घालून, गड्यानं एकवीस वर्षं काढली. कुठलंही नवं यंत्र आलं की चालू यंत्राची एक तार तो सगळ्यांच्या देखत खसकन उपटायचा. "कागदावर सगळेच शूर," म्हणायचा, "तार ओढली की कळतं." कंपन्यांचे लोक त्याला घाबरायचे. घाबरायलाच हवं होतं लेकाच्यांनी.

तर इस्पितळानं नवं स्टोरेज घ्यायचं ठरवलं. भानगड समजायला अवघड नाही. मोठे सर्व्हर तीन, आणि त्यांच्या पोटात चाळीस आभासी सर्व्हर. एकावर रक्ताचे अहवाल, एकावर एक्स-रे, एकावर औषधांचा साठा. एक मोठा सर्व्हर बंद पडला की त्याच्यावरचं बिऱ्हाड दुसऱ्यावर हलतं, रोग्यांना पत्ताही लागत नाही. पण त्यासाठी तिघांचं सामान एकाच सामायिक कपाटात लागतं. ते कपाट म्हणजे हे स्टोरेज. कपाट रुसलं की तिन्ही सर्व्हर असून नसून सारखेच. म्हणून कपाटाला मेंदू दोन असतात, एक गेला की दुसऱ्यानं त्याच क्षणी काम उचलायचं. तो उचलतो की नाही, एवढंच तारओढेला बघायचं होतं.

तीन कंपन्यांनी आपापल्या स्टोरेजची खोकी आणून लावली. तिसऱ्या खोक्याबरोबर आलं कोण? त्याचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. कडक इस्त्री आणि गोड जीभ.

"भावोजी, घरचंच काम आहे."

"घरचं घरी," तारओढे म्हणाला.

त्याची पद्धत ठरलेली होती. एका आभासी सर्व्हरवर घड्याळ लावायचं, पडद्यावर सेकंदकाटा फिरत ठेवायचा, आणि खोक्याच्या एका मेंदूची तार ओढून मोठ्यानं आकडे मोजायचे. पहिल्या खोक्याचा काटा थबकलाही नाही, पण खोकं दिसायला कळकट आणि चालीला मंद. दुसऱ्याचा तीन सेकंद अडखळला. मेव्हण्याचं खोकं वेगाला भन्नाट, पुढे निळे दिवे, आणि तार ओढताच काटा थांबला तो थांबलाच. तारओढे मोजत राहिला. अडतीसला काटा हलला.

"अडतीस सेकंदांत काय आभाळ कोसळतं, भावोजी?" मेव्हणा हसत म्हणाला.

"तेवढ्यात सर्व्हरला वाटतं कपाट मेलं. हातातलं लिखाण अर्धवट टाकून तो गप्प बसतो. कोणाच्या रक्ताचा अहवाल अर्धवट सोडू? तुझ्या पोराचा?"

त्यानं लिहिलं: हे स्टोरेज घेऊ नये. नियमाप्रमाणे एक प्रत टपालानं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या टपालानं, साहेबांना, म्हणजे इस्पितळाच्या संचालकांना, गेली, एक कंपनीला, आणि एक त्याच्या फोल्डरमध्ये राहिली. छापून ठेवायची का? छे! कागद जपणाऱ्यांना तर तो हसायचा.

घरी बायकोनं अबोला धरला. "माझ्या भावाला चारचौघांत नापास केलंत," एवढं बोलली, आणि मग महिनाभर ताट वाढायची अन् आत निघून जायची. 'जेवायला बसा' म्हणून सुद्धा नाही.

आणि हे सगळं सोसून झालं काय? मेव्हण्यानं साहेबांच्या खोलीत जाऊन पापणी लवायच्या आत शंभर एक्स-रे उघडून दाखवले, आणि साहेब भाळले. बैठकीच्या टिपणात लिहिलं गेलं: 'तांत्रिक प्रमुखांनी चाचणी घेतल्यानंतर या स्टोरेजची निवड करण्यात आली.' तारओढेनं ते वाचलं. चाचणी घेतली होती, हे काही खोटं नव्हतं ना! एवढ्या तारा ओढणारा माणूस, पण साहेबापुढे आवाज चढवायचं त्याला जमलं नाही. इथंच त्यानं माती खाल्ली.

त्या खोक्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून शेजारच्या इमारतीत एक जुनं यंत्र ठेवून त्यावर तो रोज सगळ्याची वेगळी प्रत घेऊ लागला. यंत्र लहान, एक्स-रे फुगत चाललेले. जागा करायला त्यानं प्रतींच्या यादीतून एकेक गोष्ट काढली. आधी सगळ्यांचं जुनं टपाल काढलं, आणि शेवटी स्वतःचा फोल्डर. रोग्यांचं आधी. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आठव्या महिन्यात भर सकाळी, बाहेर तपासणीची रांग लागलेली असताना, खोक्याचा एक मेंदू गेला. दुसऱ्यानं काम उचललंच नाही. चाळीसच्या चाळीस सर्व्हर आडवे, आणि खोक्यातलं सगळं मातीमोल. तीन दिवस तारओढे घरी गेला नाही. जुन्या यंत्रावरून त्यानं एकूण एक एक्स-रे, एकूण एक अहवाल परत आणला. शाबासकी मिळाली असेल? हॅ! चौथ्या दिवशी चौकशी लागली.

"खोकं तुमच्या मेव्हण्याचं, चाचणी तुमची," चौकशीच्या बाई म्हणाल्या.

"मी नापास केलं होतं."

"तो कागद दाखवा."

"त्याच खोक्यात होता. साहेबांना गेलेलं टपालही त्यातच."

बाई हसल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले, असं काही वाचल्याचं आठवत नाही. सोमवारपर्यंत कागद आला नाही तर नातेवाइकाचा फायदा करून दिल्याचा ठपका ठेवून काढून टाकणार, असं ठरलं. आता एकच प्रत उरली होती, मेव्हण्याच्या कंपनीकडची.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिनं लगेच भावाला फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आहे ताई, तो अहवाल माझ्याकडे आहे," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "पण दिला तर मलाच विचारतील, माहीत असून विकलंस कसं? माझी नोकरी गेलीच समज. पोरं अजून शाळेत आहेत गं. तू म्हणशील तसं करतो. देऊ?"

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. सवयीनं तो मनात मोजायला लागला. एकोणीसला ती बोलली.

"राहू दे."

फोन ठेवून ती म्हणाली, "तुमची नोकरीची दोनच वर्षं उरलीत हो. त्याचं सगळं व्हायचंय अजून."

"अगं, नोकरी गेली खड्ड्यात! लोक मला चोर म्हणतील."

"मी नाही ना म्हणत," ती म्हणाली. मग उठली, त्याचं ताट वाढलं, आणि समोरच उभी राहिली. "जेवायला बसा."