सिकंदर पिंजाऱ्याचा पट

"मरणाला ना न्हाई गड्या, पण कशानं मेलं ते कळाय पायजे."

सिकंदर पिंजारी हे बोलायचे ते माणसाच्या मरणाबद्दल नव्हे, सारीपाटातल्या सोंगटीबद्दल. पण आवाज असा जड लागायचा आणि बोलणं असं थांबत थांबत यायचं, की लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी घरी आक्रीत झालं.

सिकंदरचाचा औंधाकडचे. यमाईच्या डोंगराच्या सावलीतलं त्यांचं घर. दिवाळी झाली की कापूस पिंजायची कमान खांद्यावर टाकायची आणि चालत निघायचं. पुसेसावळी, कडेगाव, विट्याकडची गावं, येरळेच्या काठानं पसरलेल्या वाड्या. ज्याच्या अंगणात बसतील त्याच्या घरातल्या जुन्या गाद्या बाहेर यायच्या. कमानीच्या ताणलेल्या तातीवर दांडा पडला की कापूस उडायचा, आणि घटकाभरात चाचांच्या दाढीत कापूस किती आणि दाढी किती हे सांगता यायचं नाही. बायका म्हणायच्या, चाचांनी भरलेल्या गादीवर भांडून झोपलेली माणसं सकाळी गोडीनं उठतात. हे खरं-खोटं त्या गाद्यांना ठाऊक.

येरळेच्या काठाला वरची वाडी आणि खालची वाडी अशा दोन वाड्या. भैरोबा दोघींचा एक आणि चैत्रातल्या जत्रेची काठीही एक. पहिल्यांदा काठी कुणी उचलायची, यावरून जुन्या काळी डोकी फुटलेली. मग शहाण्या माणसांनी तोड काढली. जत्रेच्या दिवशी देवळासमोरच्या कट्ट्यावर सारीपाट मांडायचा, दोन्ही वाड्यांचा एकेक गडी बसायचा, जिंकेल त्याच्या वाडीचा मान, आणि काठी त्या गड्याच्याच खांद्यावर. पण निवाडा कुणी करायचा? वरच्यांचा खालच्यांवर इस्वास नाही, खालच्यांचा वरच्यांवर नाही. तेव्हा पट शिवणारा पिंजारी हाच निवाडा करणारा ठरला. त्याला पटकरी म्हणायचे. आधी चाचांचे सासरे पटकरी होते, मग चाचा. काळ्या कापडाचा चार पंखांचा पट, त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली घरं. जत्रेच्या दिवशी तो पट उलगडून चाचा दोन्ही वाड्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "बघा, काय खोट हाय का." कुणी कधी वाकूनही बघितलं नाही. पण रीत कडक होती. डाव सुरू झाल्यावर पटात खोट निघाली, तर पटकऱ्यानं पट भैरोबाच्या पायरीवर ठेवायचा आणि पुन्हा निवाड्याला बसायचं नाही.

चाचांना जमीन नव्हती, जुमला नव्हता. पण त्या एका दिवशी दोन्ही वाड्यांचे पाटील त्यांच्यासाठी उठून उभे राहायचे. तेवढीच त्यांची जहागीर.

वरच्या वाडीतर्फे बसायचा केरबा. उसात राबून दांडगा झालेला गडी, तालमीत माती खाल्लेला. कुस्तीत हरला तर हसत उठायचा, कारण कुठं पाय घसरला ते त्याला कळायचं. सारीपाटानं मात्र त्याच्या डोक्यात राख घातली होती. खेळ तसा साधा. सोंगटी मधल्या चौकातून निघते, चारी पंखांना वळसा घालते आणि आपल्या गल्लीतून परत चौकात येते. आली की पिकली. पण वाटेत मागनं दुसऱ्याची सोंगटी नेमकी त्याच घरात आली की ही मेली. मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून. अर्धा दिवस जपत जपत चालवलेली, पिकायला टेकलेली सोंगटी एका दानासरशी जायची, आणि केरबाला वाटायचं, कापणीला आलेल्या उसात कुणी गुरं सोडली. त्यातून या वाड्यांची एक जास्तीची रीत होती. कवड्या टाकताना एखादी पटाबाहेर सांडली, तर टाकणाऱ्याची सगळ्यात पुढची सोंगटी मेली. तिला कुणी मारायला नको, ती आपली आपण मरायची.

खालच्या वाडीकडून बसायचा भाऊसो. हा केरबाचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, शालूबाईचा, धाकटा भाऊ. किडकिडीत, हसतमुख, आणि कवड्या अशा अलगद टाकायचा की जणू अंगणात रांगोळीच सोडतोय. त्याच्यापुढं केरबा सारखा हरत आला होता. काठी खांद्यावर घ्यायची एवढी एकच हौस त्या पहिलवानाला, आणि ती दरसाली मेव्हण्याच्या खांद्यावरनं निघून जायची. घरी शालूबाई भाकरी वाढताना सहज म्हणायची, आमच्या माहेरची काठी औंदा लय उंच दिसत होती. केरबा भाकरीतलं मीठ शोधत बसायचा.

एका साली तर केरबाची सोंगटी गल्लीच्या तोंडाशी आली, त्यानं कवड्या टाकल्या आणि एक कवडी उडून पटाखालच्या घोंगड्यावर गेली. सोंगटी मेली. केरबा ओरडला की हा काय खेळ हाय का, हे नशिबाचं मारणं हाय, माझं काय चुकलं ते सांगा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नशीबच तसं. चाचा नशिबाचं नाव घेत नसत. त्यांनी केरबाचा पंजा हातात घेतला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाले, "सकाळी बोकड खाल्लंस, हात राखंनं धुतला न्हाईस. चरबीनं कवडी निसटली. तुझी सोंगटी तुझ्या जिभंनं मारली." सगळा कट्टा हसला. केरबा तणतणत घरी गेला, पण रात्रीपर्यंत राग उतरला होता. राग मरणाचा नसतो, आंधळ्या मरणाचा असतो, हे त्याला उमगायला लागलं होतं. आणि त्या म्हाताऱ्याबद्दल त्याच्या मनात काहीतरी बसलं ते बसलं.

मोठा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या दुसऱ्या जत्रेची ही गोष्ट. येरळेत पुन्हा पाणी दिसत होतं, बैलांच्या पाठी भरल्या होत्या. केरबानं त्या सकाळी बोकडाला हात लावला नाही. भाकरी आणि कांदा खाल्ला, राखेनं हात घासले, वर कोरडी माती चोळली. शालूबाईनं विचारलं, खेळाय निघालाय का कुस्तीला. तो म्हणाला, आज तुझ्या माहेरची काठी खाली ठेवतो.

उन्हं कलली तेव्हा कट्ट्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. दोघांच्या तीन-तीन सोंगट्या पिकल्या होत्या आणि एकेक उरली होती. केरबाची पुढं होती. तिला गल्लीत शिरायला फक्त तीन घरं पाहिजे होती. भाऊसोची मागनं येत होती.

"दाजी," भाऊसो म्हणाला, "हात थरथरतोय जणू. ताईनं काय जेवाय घातलं न्हाई व्हय?"

"पावणं, तुमी तुमच्या सोंगटीचं बघा. ती म्हातारी झाली चालून."

केरबानं कवड्या ओंजळीत घेतल्या. जोर केला नाही, घाई केली नाही, भाऊसोसारख्याच अलगद सोडल्या. पाच कवड्या पटावर निजल्या. सहावी चौकातून पंखाकडं घरंगळली, मध्येच कशाला तरी अडखळली, टुणकन उडाली आणि घोंगड्यावर जाऊन पडली.

खालच्या वाडीनं आरोळी दिली. केरबाच्या कानात नुसती शीळ वाजत होती. हात धुतलेला, जोर नाही, वारा नाही. ही कशानं मेली? त्यानं चाचांकडं बघितलं.

चाचा आधीच पुढं वाकले होते. म्हातारपणी नजर कमी झालेली, म्हणून ते बोटांनी बघायचे. पंख चौकाला जिथं जोडला होता त्या शिवणीवरनं त्यांचा अंगठा हळूहळू सरकत चालला. सरकता सरकता थांबला. पुढं गेला, पुन्हा मागं आला आणि तिथंच थांबला.

केरबा सगळ्यात जवळ बसला होता. तो अंगठा फक्त त्यालाच दिसत होता. अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ होती. त्या हिवाळ्यात पटाचा तो पंख उसवला होता आणि चाचांनी तो पुन्हा शिवला होता. पण डोळ्यांना बारीक दोरा दिसेना, म्हणून हाताशी होता तो गादीचा जाड दोरा सुईत ओवला. गादीला गाठ चालते, गाठीशिवाय गादी धरत नाही. आयुष्यभर गाद्या शिवलेल्या हातानं सवयीनं गाठ मारली, आणि पटाला ती चालत नाही हे त्या हाताला आठवलं नाही.

केरबाला सगळं एकदम कळलं. त्याची सोंगटी मेली नव्हती. आणि ती मेली नाही हे सांगायचं म्हणजे काय होणार, तेही कळलं. सालोसाल ज्या कारणासाठी तो बोंबलत होता ते कारण अंगठ्याखाली होतं, आणि आता त्यालाच ते बाहेर यायला नको होतं. तो चाचांच्या कानाशी वाकला.

"चाचा, मेली म्हणा."

चाचांनी मान वर केली नाही. केरबा पुन्हा कुजबुजला की माझं काय जात न्हाई, फुडल्या साली खेळीन, तुमी नुसतं मेली म्हणा आणि पट गुंडाळा.

म्हाताऱ्यानं केरबाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्या सोंगटीला मी खोटं मरान दिलं, तर आजवर ज्यास्नी खरं दिलं त्यांचं काय रं?"

आणि तो उभा राहिला. उंच नव्हता, तरी त्या दिवशी कट्ट्यावरच्या मागच्या माणसालाही दिसला. त्यानं सांगितलं की कवडी हातानं सांडली न्हाई. ही रीत सैल हाताला शिक्षा म्हणून हाय, आणि ह्या गड्याचा हात सैल न्हवता. कवडी उडली ती शिवणीतल्या गाठीवरनं. गाठ माझी हाय. सोंगटी जिती हाय, दान पुन्हा टाकायचं.

मग खालच्या वाडीतला कृष्णात, ज्याला प्रत्येक गोष्टीत शंका, तो पुढं झाला. म्हणाला, खोट पटात हाय तर सगळा डावच मोडा. त्यावर भाऊसोच बोलला. तो म्हणाला, गाठीला सकाळधरनं कवडी लागली न्हाई, लागली ती आत्ता, आणि चाचांनी लपवली असती तर तुझ्या बापाला कळली नसती. गप बस. दाजी, टाका दान.

चाचांनी कंबरेची सुरी काढून गाठ कापली, शिवण बोटानं चेपून सपाट केली आणि सहाही कवड्या केरबाच्या ओंजळीत दिल्या.

केरबानं दान टाकलं. तीन पाहिजे होते, दोन पडले. सोंगटी गल्लीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, आत शिरायला एकच घर कमी. भाऊसोनं कवड्या घेतल्या, डोळे मिटले, आणि आपल्या त्या रांगोळीच्या हातानं सोडल्या. पाच. त्याची सोंगटी टपटप करत आली आणि बरोबर केरबाच्या सोंगटीच्या घरात उतरली.

सगळ्यांनी केरबाकडं बघितलं. आता हा पट उधळतो की कट्टा फोडतो, असं लोकांना वाटलं. केरबानं आपली मेलेली सोंगटी दोन बोटांत उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मधल्या चौकात पहिल्यापासून ठेवली. म्हणाला, "पावणं, पाच घरं मागं होता तुमी. पाचच पडलं. कशानं मेली ते कळलं." आणि मग खेळत राहिला, हरणार हे दिसत असताना शेवटच्या दानापर्यंत खेळला. भाऊसोची सोंगटी पिकली तेव्हा त्यानंच आधी मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली.

चाचा पट गोळा करत होते. चारी पंख एकावर एक घेतले, हातानं सुरकुत्या काढल्या, जशी एखादी बाई लेकीच्या लग्नातली साडी घडी करते तशी घडी केली. कवड्या आणि सोंगट्या पिशवीत घालून पिशवी घडीवर ठेवली. देवळापाशी जाऊन पट भैरोबाच्या पायरीवर ठेवला आणि मागं सरले. वरच्या वाडीचे पाटील म्हणाले, चाचा, एवढ्या एका गाठीनं काय हुतंय, रीत आमीच केली, आमीच मोडतो. खालच्या वाडीच्या पाटलांनी मान डोलवली. पटाची तोड निघाल्यापासून दोन्ही वाड्या एका गोष्टीवर एक झाल्या असा तो पहिलाच दिवस. चाचांनी दोघांना हात जोडले आणि एवढंच म्हणाले की डोळं गेलं, आता दुसरा बघा, पर बारीक दोरा दिसणारा बघा.

त्यांनी भिंतीला टेकवलेली कमान खांद्यावर घेतली. शालूबाई लगबगीनं पुढं आली, फडक्यात बांधलेल्या भाकरी त्यांच्या हातात दिल्या आणि वाकून पाया पडली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते औंधाच्या वाटेला लागले.

काठी अजून जमिनीवरच आडवी होती. भाऊसोला तिच्याकडं जायची आठवण राहिली नव्हती. तो आणि केरबा कट्ट्याच्या कडेला खांद्याला खांदा लावून उभे होते. ओढा उतरून म्हातारा पलीकडच्या चढाला लागला. त्याच्या डोक्यावरून कमानीचं टोक हलत होतं, मग तेही बाभळींच्या आड गेलं, आणि दोघं मेव्हणे तरी तिकडंच बघत राहिले.