पंचावन्न इंच, उरेब

आईने टीव्हीला नावं ठेवायला सुरुवात केली ती थंडीत. चित्र धुरकट दिसतं, रंग मेलेत, बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड पुसल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, "अगं, रिमोटने ब्राइटनेस वाढव ना." तिने वाढवला. दोन दिवसांनी पुन्हा वाढवला. शेवटी आकडा शंभरावर जाऊन थांबला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी आईचं आपलं तेच. "याचं आयुष्य संपलं. दुसरा घे. मोठा घे."

घाटकोपरला आमची इमारत डोंगराच्या उतारावर आहे. पूर्वी तिथे बैठी वस्ती होती. ती पाडून सात मजले चढवले आणि आम्हा मायलेकींना सातव्यावर दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून लांबवर माहुलच्या बाजूची धुराडी दिसतात. त्या थंडीत आई रोज सकाळी म्हणायची, "आज पण धुराडी दिसत नाहीत. हवेची पार वाट लागली." हवा घाण होतीच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी खोलीतली ट्यूब बदलली. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा चष्मा आणला. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मात्र ती विषय बदलायची. फार वर्षांपूर्वी गावाकडे माझ्या मामाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो डोळा कायमचा गेला होता. दुसऱ्या डोळ्यानेही त्याला जेमतेम दिसायचं, त्यामुळे मामाला हात धरून बांधावर नेणारी आईच होती.

आई ब्लाउज शिवते. चाळीस वर्षं शिवतेय. त्याच मशीनवर तिने मला बी.कॉम. केलं, माझं लग्न लावलं आणि ते मोडल्यावर काही न विचारता मला परत घरात घेतलं. डोळ्यांपायी तिचं मशीन बंद पडलं तर घर चालेल, माझा पगार आहे. पण आईचं काय होईल? मी तो विचार करायचंच टाळलं आणि टीव्हीच्या मागे लागले.

मी एका कंपनीत खरेदी विभागात आहे. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधा झाडूसुद्धा घेत नाही. त्यामुळे टीव्हीचा रीतसर तक्ता तयार झाला. आडव्या ओळीत आठ मॉडेलं, उभ्या ओळीत पडदा, आवाज, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर किती लांब. दोन आठवडे मी डब्याच्या सुट्टीत टीव्हीवाल्या मुलांचे व्हिडिओ बघितले. ती सगळी मुलं एकाच सुरात बोलतात आणि शेवटी प्रत्येक जण वेगळाच टीव्ही घ्यायला सांगतो. एकमत एवढ्यावरच होतं, की पंचावन्न इंचाच्या खाली जाऊ नका.

आईने माझा तक्ता हातातही घेतला नाही. तिची पद्धत वेगळी. कापडाला कात्री लावायच्या आधी ती कागद कापते. तिने खाकी कागदाचे तुकडे चिकटवून पंचावन्न इंच रुंद टीव्ही कापला आणि भिंतीवर लावला. तो दाराच्या चौकटीवर चढला, पंख्याचं बटण झाकलं गेलं आणि डावीकडे थेट बुद्धमूर्तीच्या फळीला भिडला.

"भगवंताला सरकवणार नाही," आई म्हणाली. "तुझी ती पोरं येडी आहेत."

तो कागद आठ दिवस भिंतीवर होता. पंखा लावायचा तर कागदाखाली हात घालायला लागायचा आणि मी रोज चिडायचे. नवव्या दिवशी एका व्हिडिओत तो मुलगा पट्टी घेऊन उभा राहिला आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजून दाखवलं. तीन कोटेशनंवाल्या मला हे ठाऊक नव्हतं! आईला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून हसायला लागली. "अगं, म्हणजे उरेब मोजतात की!" कापड तिरकं धरून कापलं की त्याला शिवणकामात उरेब म्हणतात, ब्लाउजच्या गळ्याची पायपिंग अशीच कापतात. तिने लगेच नवा कागद कापला. पंचावन्न इंच, उरेब. तो भिंतीवर नीट बसला, भगवंताला धक्का लागला नाही.

याच सुमारास चौदा एप्रिलची जयंती आली. आमच्या इमारतीतल्या बायकांनी पांढऱ्या साड्या आणि गडद निळे ब्लाउज ठरवले होते आणि सगळे ब्लाउज आईकडे शिवायला आले होते. माझा तिने सगळ्यांत शेवटी शिवला. घालायला घेतला तर गळ्याला काळी पायपिंग. निळ्यावर काळी! आई समोर उभी राहून विचारत होती, "कसा झालाय?" मी म्हटलं, "झकास झालाय." आणि तोच घालून दिवसभर सगळ्यांसमोर मिरवले.

त्यानंतर मी तिची बोचकी तपासायला लागले. रविवारी ती विहारात वंदनेला गेली की मी तयार ब्लाउज उलटेपालटे करून बघायचे. जांभळ्याला तपकिरी दोरा, हिरव्याला करडा. मी उसवायचे आणि मला जमेल तसं परत शिवून घडी घालून ठेवायचे. माझी शिवण म्हणजे वाकडी वाट. मला आईला सांगायची भीती वाटत होती, एवढं साधं होतं ते. सांगितलं तर ती ऑपरेशनला नाही म्हणेल आणि मशीनला पण नाही म्हणेल, मग उरेल काय?

मे महिन्यात एका शनिवारी आम्ही स्टेशनजवळच्या टीव्हीच्या दुकानात गेलो. मालक आईच्याच वयाचे, गुजराती, गल्ल्यावरून उठून स्वतः टीव्ही दाखवायला आले. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर तेच ते, पोपट, धबधबे आणि कापलेली कलिंगडं.

"हे बंद करा," आई म्हणाली. "पोपटावरून मला काय कळणार? आणि हा झगमगाट पण कमी करा. मॅचिंगचं कापड आम्ही ट्यूबलाइटखाली बघत नाही, दारात उन्हात नेतो."

मालक खूश झाले. "बरोबर बोललात बेन. दुकानात टीव्हीला पावडर-लिपस्टिक लावलेली असते." त्यांनी रिमोट घेऊन सेटिंग बदललं, समोरचे दोन दिवेही बंद केले. "आता घरी दिसतो तसा दिसेल. तुमच्याच मोबाइलमधला एखादा फोटो द्या, लावतो."

आईने माझ्याकडे बघितलं. "जयंतीचा लाव गं. निळा मला पाठ आहे."

मला तेव्हाच दुसरा फोटो लावता आला असता. पण तो कुठल्या अल्बममध्ये आहे ते आई सांगत होती, मालक केबल धरून उभे होते आणि फोटो लागला. पंचावन्न इंचांवर मी, पांढऱ्या साडीत, मान किंचित वळवलेली.

"बघा बेन," मालक पडद्याजवळ गेले. "टीव्ही घेताना हेच बघायचं. हलक्या टीव्हीत काळा आणि गडद निळा एक होऊन जातो. इथे बघा. ताईंचा ब्लाउज निळा आणि गळ्याची पट्टी काळी. वेगवेगळं दिसतंय की नाही?"

"काळी कुठाय?" आई म्हणाली. "निळीच आहे. मी शिवलाय तो."

मालकांना वाटलं ती टीव्हीची परीक्षा घेतेय. त्यांनी शेजारच्या महागड्या टीव्हीवर तोच फोटो लावला. आई दोन पावलं पुढे गेली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मग नाक पडद्याला लागेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली. आणि मग माझ्याकडे वळली.

"काय गं?"

"काळी आहे आई."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तो घालून सगळ्यांसमोर बसलीस."

मला तिथे, त्या पोपटांच्या आणि कलिंगडांच्या भिंतीसमोर रडू आलं. इतकी लाज मला लग्न मोडलं तेव्हाही वाटली नव्हती. तिला जपतेय असं समजत होते मी स्वतःला, आणि प्रत्यक्षात तिला एकटं सोडलं होतं. आई मात्र रडली नाही. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "चष्मेवाला म्हणाला होता, डॉक्टरला दाखवा. मीच तुला बोलले नाही."

मालकांनी पाणी मागवलं. स्वतःच्या दोन्ही डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "बेन, हे दोन्ही बदललेत मी. मोतीबिंदू. सकाळी गेलो, दुपारी घरी जेवलो. त्याच्या आधी मी पण कंपनीवाल्यांशी भांडत होतो, माल खराब पाठवता म्हणून." मग त्यांनी टीव्ही बंद केला. "आज मी तुम्हाला टीव्ही विकणार नाही. आधी डोळे दाखवा. टीव्ही कुठे पळून जातोय?"

माझ्या तक्त्यात असा दुकानदार कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

रिक्षाने आम्ही घरी आलो. आल्याआल्या तिने रिळांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "एकेक दे हातात." मी देत गेले, ती रंग सांगत गेली. लाल, पिवळा, पांढरा बरोबर. पुढे चुकायला लागली. सहा रिळं चुकली तेव्हा तिने डब्याचं झाकण लावलं.

"दादाचा डोळा गेला तेव्हा मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "तेवढंच डोक्यात बसलं. सोमवारी सुट्टी घे. जाऊ डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी ती आत जाताना घाबरली होती. माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं उमटली. मी पण घाबरले होते, फक्त मी पर्समधली कागदपत्रं पुनःपुन्हा मोजत बसले. दुपारी ती घरी जेवली, मालक म्हणाले होते तसंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. आईने आधी छताकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"केस रंगवले नाहीस का गं? किती पिकलेत."

डॉक्टर हसले. मी हसत हसत रडले. येताना ती सगळ्या वाटेने बोर्ड वाचत होती. घरात शिरल्यावर काळा गॉगल घालूनच आधी खिडकीशी गेली, तो वर करून दोन मिनिटं माहुलच्या धुराड्यांकडे बघितलं आणि मग टीव्ही लावला. बातम्या देणारी बाई आली. आई बघत राहिली. "हा तर चांगला आहे की गं! काय झालंय याला?"

"काही नाही झालेलं."

"मग उगाच एवढा शंभरावर कशाला ठेवलायस? डोळे दिपतात."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण दुसरा डोळा झाल्यावर आईच म्हणाली, "कागद कापलाय, तो वाया घालवायचा नाही." आम्ही परत त्याच दुकानात गेलो. मालकांनी न सांगता पोपट बंद केले. आईने तोच फोटो चार टीव्हींवर लावायला सांगितला आणि पिशवीतून माझा तो ब्लाउज काढून एकेका पडद्याशेजारी धरला. सगळ्यांत महागडा तिने नापास केला. "हा निळा फार निळा दाखवतो. गिऱ्हाइकाला भुलवायला." तिसरा तिने पसंत केला. माझ्या तक्त्यात तो पाचवा होता. किंमत मधली, सर्व्हिस सेंटर जवळ, आणि त्यावरचा निळा ब्लाउजच्या निळ्याशी जुळत होता. मालक म्हणाले, "बेन, उद्यापासून माझ्या दुकानात कामाला या."

टीव्ही लागला तो नेमका कागदाच्या मापात. संध्याकाळी आईने मला जुने फोटो लावायला लावले. जयंतीचा आला तेव्हा म्हणाली, "थांब." बराच वेळ बघत बसली. मग उठून कपाटातून तो ब्लाउज आणि शेजारचा, गिऱ्हाइकांनी अजून न नेलेल्या ब्लाउजांचा गठ्ठाही काढला.

"आणि हे वाकडंतिकडं कोणी शिवलंय?"

"मी."

"दिसतंच आहे." तिने कात्री घेतली आणि माझ्या ब्लाउजची काळी पायपिंग उसवायला बसली.

मी म्हटलं, "राहू दे ना आई. काळी पण छान दिसते."

तिने निळ्या दोऱ्याचं रीळ डब्यातून न विचारता उचललं, सुईत दोरा एका झटक्यात ओवला आणि मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

"खोटं नको बोलूस आता. मला दिसतं."