दहावी तिकडची

"आमी काय पाव्हणं हाय व्हय?"

खुर्ची पुढं केली की ते हमखास असं म्हणायचे आणि भिंतीला टेकून खालीच बसायचे. पाणीसुद्धा मागायचे नाहीत. उठून माठातलं आपलं आपण घ्यायचे, वर पेला विसळून पालथा घालायचे.

विट्याकडच्या गावांत तुम्ही कधी राहिला असाल तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे हे शेजारी आप्पा, गलाईवाले. सराफांकडचं जुनं सोनं आटवायचं, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. मिसरूड फुटायच्या आत मामाच्या मागं तमिळनाडूत गेले आणि जन्मभर तिथंच भाड्याच्या खोलीत राहिले. घर मात्र बांधलं ते गावात, आमच्या समोर, दोन मजली. त्यात माणसांपेक्षा पालीच जास्त नांदल्या, असं मी चिडवायचो. ते हसायचे. गेल्या साली ते तिकडंच वारले.

बायको लवकर गेली. पदरात एकच मुलगी. "भट्टीच्या धुरात पोर कशी वाढवू, गुरुजी?" म्हणाले आणि तिला तिकडच्याच वसतिगृहाच्या शाळेत घातली. दिवाळीला गावी आली की पोरीच्या तोंडून एखादा तमिळ शब्द निसटायचा. लगेच यांचे डोळे मोठे. "आपल्यात असं बोलत न्हाईत."

दहावीला तिनं उत्तम गुण मिळवले. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात होतं. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, बारावीपर्यंत इथंच ठेवा. पण यांनी कुणाचं ऐकलं नाही. "अकरावी-बारावी हितं झाली की पोरगी हितलीच. मग तिला बाहेरची कोण म्हनंल?" तिला विट्याच्या कॉलेजात घातली, गावातल्या घरात चुलत आत्याला सोबतीला ठेवलं. पोरगी सुरुवातीला आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडायची, मग डोळे पुसून अभ्यासाला बसायची. प्रवेश परीक्षेत गुण चांगले पडले, तेव्हा आप्पांनी साऱ्या आळीला पेढे वाटले.

प्रवेशाचे कागद तपासायला सांगलीला जायचं होतं. मीही सोबत गेलो. टेबलामागची मुलगी वयानं लहान होती, बोलायला मऊ होती.

"काका, रहिवासाचा दाखला ठीक आहे. पण दहावी बाहेरच्या राज्यातली आहे."

"बारावी हितली हाय की."

"दोन्ही इथल्या लागतात. राज्याच्या कोट्यात हिला घेता येणार नाही."

त्यांना ते समजेचना. "ताई, आवं माझी घरपट्टी कवा थकली न्हाई. मत द्यायला दोन दिस गाडीत बसून येतो. कुलदैवत हितं, भावकी हितं. आनि आमी बाहेरचं?"

"तुम्ही इथलेच आहात, काका. नियम शाळेचा आहे."

मग तिकडं अर्ज करू, असं मी म्हणालो. त्या मुलीनं मान हलवली. तिकडं सहावी ते बारावी सलग तिथं शिकलेलं लागतं. शेवटची दोन वर्षं मोडली होती. देशभराचा कोटा तेवढा उरला आणि त्याला गुण कमी पडत होते.

नियमाला मी नावं ठेवत नाही. इथल्या शाळेत शिकलेल्या पोरांच्या जागा त्यांनाच मिळाव्यात, हे मास्तर म्हणून मला पटतं. पण ज्या मायेपोटी त्यांनी लेकीला घरी आणली, त्याच मायेनं तिला ना इकडचं ठेवलं ना तिकडचं.

पोरीनं त्यांचा हात धरला आणि तमिळमध्ये काहीतरी हळू बोलली. मला वाटलं, आता डोळे वटारतील. त्यांनी तमिळमध्येच उत्तर दिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकली. काय बोलले ते मला कळलं नाही, आवाज मात्र समजूत काढणाऱ्या बापाचा होता.

पोरगी जिद्दीची. वर्षभर पुन्हा अभ्यासाला बसली आणि देशाच्या कोट्यातून दूर झारखंडात तिला जागा मिळाली. आप्पा जत्रेला एकटेच आले. ती त्यांची शेवटची जत्रा.

आमच्याकडं पालखी उठते तेव्हा पहिला खांदा परमुलखातून आलेल्या लेकरांचा. दुरून आलाय, त्याला आधी देवाजवळ जाऊ द्यावं, म्हणून. पुजाऱ्यांनी हाक मारली, "आवं आप्पा, या की! खांदा द्या."

ते गर्दीच्या कडेला उभे होते. जागचे हलले नाहीत. "न्हाई. गावच्या मानसांस्नी घेऊ द्या."

मी दंडाला धरून ओढलं. त्यांनी हळूच माझा हात सोडवला. दुसऱ्या कुणीतरी खांदा दिला. पालखी समोरून गेली, तसे त्यांनी वाकून हात जोडले, वाटेवरचा माणूस जोडतो तसे. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुजी, मिरजंला रेल्वे गाठायला एस्टी कवा हाय?"

त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी त्याचं कुलूपसुद्धा काढलं नव्हतं.