सहलीची गाडी आणि उसाचा फड

आरशात बघितलं तर गाडीत एकही पोर नव्हतं.

सेलूच्या अलीकडं बंद रेल्वे फाटकापाशी मी एसटी उभी केली होती. सकाळचं लख्ख ऊन होतं. क्षणभरापूर्वी माझ्यामागं गाडीभर लेकरं बेंबीच्या देठापासून गाणं म्हणत होती. ते गाणं कडव्याच्या मधोमध तुटलं. मी वरच्या आरशात बघितलं. नुसत्या सीटा दिसत होत्या, आणि मधल्या सीटवर सुजाता मॅडम एकट्या.

खिडकीबाहेरून एक पोलीस चालत गेला. त्यानं आत ओझरतं बघितलं आणि पुढच्या ट्रककडं गेला. तो दिसेनासा झाल्यावर एकेक डोकं सीटांच्या मागून वर आलं. गाणं जिथं तुटलं होतं, तिथूनच परत सुरू झालं.

"लपाछपी खेळायलेत ओ मामा," मॅडम म्हणाल्या.

मी "बरं" म्हणालो. पण लपाछपीत कुणीतरी फिदीफिदी हसतंच. इथं कुणी हसलं नव्हतं.

मी एसटीचा ड्रायव्हर. स्टेअरिंगवरच केस पिकले. त्या दिवशीची ड्युटी प्रासंगिक कराराची होती. म्हणजे शाळेनं किंवा लग्नाच्या वऱ्हाडानं अख्खी गाडीच ठरवून घ्यायची. आमच्याकडं अशा गाडीवर कंडक्टर देत नाहीत, ड्रायव्हर एकटाच. नेहमीच्या गाडीत कंडक्टर दोरी ओढतो. एक टोला म्हणजे थांब. दोन टोले, म्हणजे डबल बेल, याचा अर्थ सगळे चढले, चल. डबल बेलशिवाय चाक हलवायचं नाही, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं असतं. कराराच्या गाडीत ती बेलही नसते. आपणच मागं बघायचं, आपणच जबाबदार.

गाडी ठरवली होती सोनपेठ तालुक्यातल्या एका हंगामी वसतिगृहानं. आमच्याकडची निम्मी गावं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पार सांगली-कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत. पूर्वी लेकरंही ट्रकात बसून सोबत जायची आणि शाळा बुडायची. आता गावातच हंगामापुरतं वसतिगृह चालतं. आई-बाप परत येईपर्यंत लेकरं तिथं राहतात. यातली बहुतेक लेकरं त्या साली पहिल्यांदाच मागं राहिलेली होती, पहिली ते चौथीतली. त्यांना करमेना म्हणून वसतिगृह सांभाळणाऱ्या सुजाता मॅडमनी सहल काढली होती. सोनपेठहून पाथरी, सेलू, जिंतूर करत येलदरीचं धरण बघायचं आणि दिवस मावळायच्या आत परत.

सहलीच्या गाड्या मी पुष्कळ नेल्या. शहाणा माणूस त्या ड्युटीला नाही म्हणतो. पोरं ओकतात, खिडकीतून हात काढतात, दर पाच मिनिटाला "मामा, आलं का?" म्हणून जीव खातात. या लेकरांनी एकदाही विचारलं नाही. कुणी ओकलं नाही. झोप आली की बसल्या जागी मान टाकायची आणि गाडी थांबली की डोळे टक्क उघडायचे, सगळ्यांचे एकदम.

आणि प्रत्येकाच्या मांडीवर गाठोडं होतं.

"मॅडम, मुक्काम हाय का कुठं?" मी सकाळीच विचारलं होतं.

"न्हाई ओ. मी लय सांगितलं, संध्याकाळी परत यायचंय. ऐकतच न्हाईत. ताट, वाटी, गोधडी, सगळं घेऊन आलेत."

गाडीत बसायचं म्हणजे सगळं उचलून न्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

धरणावर पोरं जरा पोरांसारखी वागली. भिंतीवरून पाणी बघून हरखली, मासे धरणाऱ्यांच्या मागं मागं फिरली. निघायची वेळ झाली. चारी दिशांना पांगलेली पोरं गोळा करायची म्हणजे शेळ्या वळण्यासारखं काम. मी आपला एकदा हॉर्न दिला आणि तंबाखू मळायला घेतली. मळून होईतो गाडी भरलेली होती. गाठोडी मांडीवर, तोंडं समोर. धापा टाकत होती, पण आवाज नाही.

"काय शिस्त हाय मॅडम तुमच्या पोरांना!"

"मी न्हाई लावली," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चेहरा जरा उतरलेला दिसला.

परतीला पाथरी मागं टाकली आणि कालव्याचा इलाका सुरू झाला. दोन्ही अंगानं ऊस. उन्हं कलली होती. लेकरांना लघवीला लागली म्हणून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सगळी खाली उतरली. मुली एका टोकाला, मुलं दुसऱ्या, पण सगळी डाव्या हाताच्या फडाकडंच. थोडी दंगामस्तीही चालू होती. मी टायर बघत होतो.

तेवढ्यात मागून एक पांढरी जीप येऊन थांबली. कुठल्याशा खात्याची होती. इस्त्रीच्या कपड्यातले साहेब उतरले. भले वाटले. हसत म्हणाले, "अरे वा, सहल? कुठली शाळा?"

दंगा थांबला.

कुणी दिवा मालवावा तसा थांबला. मी वळून बघितलं. रस्ता रिकामा. गाडीचं दार उघडं, आत कुणी दिसेना. कडेला धुळीत छोट्या छोट्या चपला पडलेल्या होत्या. अनवाणी पायाचा आवाज येत नाही. उसाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं.

साहेब हातातला चष्मा तसाच धरून उभे राहिले. "मुलं होती ना इथं?"

मॅडमनी हाका मारल्या. आधी प्रेमानं, मग रागानं. एकेकाचं नाव घेऊन. खाऊ देते म्हणाल्या, छडी मारते म्हणाल्या. साहेबांनीही आवाज लावला, "बाळांनो, घाबरू नका, बाहेर या!" त्यांच्या आवाजासरशी फड आणखीच गप्प झाला असं मला वाटलं. घुरघुरणारं इंजिन मी बंद केलं. कान देऊन ऐकलं. एवढी लेकरं आत होती, आणि खोकला नाही, हुंदका नाही. दिवसाउजेडीसुद्धा मला तिथं उभं राहवेना.

मग वास आला. जळक्या पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचा.

मुलं जिथं शिरली होती त्याच फडाच्या पलीकडच्या टोकाला धूर उठला होता. ऊस लवकर तुटून जावा म्हणून काही जण तोडीच्या आधी फड पेटवून देतात. पाचट जळतं, ऊस उभा राहतो, तोडायला सोपा जातो. मालकानं लांबच्या बांधावरून काडी लावलेली. इकडं रस्त्याला कोण उभं आहे हे त्याला दिसायचं कारण नव्हतं. वारा आमच्याकडं होता. तडतड ऐकू यायला लागली.

साहेबांचा ड्रायव्हर मालकाला हाका मारत बांधाबांधानं पळाला. पण पेटलेलं पाचट कुणाच्या बापाला विझत नाही.

मी हॉर्न दिला. येलदरीला दिला होता तसाच. कुणी आलं नाही. परत दिला. उसातून एक ससा बाहेर पडला आणि माझ्या पायाजवळून रस्ता ओलांडून गेला. मग उंदीर निघाले. तित्तर भर्रकन उडाले. त्या फडातून जे जे जिवंत होतं ते बाहेर येत होतं. लेकरं तेवढी येत नव्हती.

मॅडम उसात शिरल्या. मी हात धरून मागं ओढलं. दाट फडात चार पावलांवर दिशा कळत नाही. तीच मला खरी धास्ती होती. झळ लागल्यावर लेकरं उठतील, पण धुरात कोणत्या अंगाला पळतील?

काहीतरी करायचं म्हणून मी गाडीत चढलो, आणि मागच्या सीटखाली दोन डोळे दिसले.

शीतल होती ती, सकाळी मीच उचलून गाडीत चढवलेली. टाचेला गळू होतं म्हणून तिला फडात पळता आलं नव्हतं, परत गाडीतच शिरली होती. पालथी पडून, गाठोड्यावर हनुवटी टेकवून, टक लावून बघत होती. मी खाली बसलो.

"शीतल, बाय माझी, सगळे कुठं गेले?"

तिनं गाठोडं आणखी जवळ ओढलं.

"आग लागलीय गं फडाला. हाक मार की त्यांना."

"हाक मारली तरी येत न्हाईत." आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "साब लोक आले की उसात निजायचं. बोलायचं न्हाई. बोललं की साब धरून नेतेत. मुकादमानं सांगितलंय."

मुकादम म्हणजे तोडणीची टोळी घेऊन जाणारा माणूस. तपासणीला कुणी आलं आणि फडावर लेकरं सापडली तर त्याची चौकशी होते. म्हणून हा धडा. लेकरांना चालता येण्याआधीपासून दिलेला.

"मग भायेर कवा यायचं?"

"गाडी निघाली की."

"हॉर्न दिला ना मी!"

तिनं मान हलवली. "निजलं की नुसत्या हॉर्नला न्हाई. साब बी हॉर्न वाजवतेत. गाडी हलाय पायजे. हलली की पळायचं. न्हाई आलं त्ये ऱ्हातंय मागं."

न्हाई आलं त्ये ऱ्हातंय मागं. सहा-सात वर्षांची पोर, पावसाचं सांगावं तसं सांगत होती.

मी दारातून ओरडलो, "साहेब, तुमची जीप आधी इथून न्या! लांब, नजरेआड!"

"अहो, पण मुलं..."

"तुमाला बघूनच निजलेत आत. जा!"

साहेबांनी वाद घातला नाही. स्वतः जीप काढली आणि गेले. मी स्टार्टर मारला. मॅडम गाडीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, काय करायलाव? लेकरं आत हायेत!"

"गाडी हलल्याबिगर येणार न्हाईत ती. सरका."

"लेकरं टाकून गाडी हलवायची?"

आयुष्यभर मला जे करायचं नाही म्हणून शिकवलं होतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी म्हणालो, "मॅडम, दारात उभ्या ऱ्हावा अन् हात द्या."

त्या सरकल्या. मी पहिला गिअर टाकला. पायाखाली लेकरू असल्यासारखा क्लच सोडला. चाक फिरलं.

आणि ऊस फुटला.

माझ्या डाव्या आरशात सगळं दिसत होतं. एका जागेवरून नाही, फडाच्या सगळ्या काठानं पोरं एकदम बाहेर आली. काळपटलेली, पाचटानं ओरबाडलेली. आणि तोंडातून चकार शब्द नाही. ओरडणं नाही, रडणं नाही, नुसती पळत होती. मोठ्यानं धाकट्याचा दंड धरलेला. पळता पळता चपला उचलत होती. मी गाडी माणसाच्या चालीनं ठेवली. थांबावं वाटत होतं, पण थांबलो तर परत निजतील ही भीती होती. मॅडम दारातून हात देत होत्या. पुढचं लेकरू आत पडलं की मागचं हात वर करायचं. मागं धूर रस्त्यावर आला आणि आरसा भरून गेला. त्या धुरातून शेवटची दोघं बाहेर आली, बहीण-भाऊ. बहिणीनं भावाला पाठुंगळीला मारलं होतं.

"मामा, सगळी आली! सगळी आली!" मॅडम रडत ओरडत होत्या. तीच माझी डबल बेल.

कालव्याच्या पुलापलीकडं जाऊन मी गाडी थांबवली. मागं फड पुरा पेटला होता. गाडीत प्रत्येक मांडीवर गाठोडं होतं, तोंडं समोर. थोड्या वेळानं मागच्या सीटवरून कुणीतरी गाणं सुरू केलं. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडलो. लेकरांनी पेटलेल्या फडाकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डेपो मॅनेजरसमोर उभा होतो. जीपवाल्या साहेबांकडून बातमी आधीच पोचली होती.

"प्रवासी खाली असताना गाडी हलवली म्हणे तुम्ही?"

"हलवली साहेब."

"लहान मुलं होती?"

"लहानच होती."

"का?"

मी सगळं सांगितलं. ते पेन टेबलावर ठोकत बसले. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"लिहा, सगळे प्रवासी बसले."

त्यांनी तसंच लिहिलं. मॅडमनी मात्र वसतिगृहात वेगळा उद्योग सुरू केला. रोज कुणातरी बाहेरच्या माणसाला बोलवायचं, कधी तलाठी, कधी पोलीस, आणि लेकरांना त्यांच्यासमोर मोठ्यानं नाव सांगायला लावायचं. सुरुवातीचे कित्येक दिवस पाहुणा रिकाम्या खोलीशी बोलून परत जायचा, असं त्या सांगत होत्या.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. वसतिगृहावर गाडी पोचली. सगळी उतरली, शीतल शेवटी. मी तिला उचलून खाली ठेवलं. ती लंगडत दोन पावलं गेली आणि वळली.

"मामा, आमच्या टरकापरीस तुमची गाडी बरी हाय."

"का गं?"

"तुमी मागं बघत चालवता."

आम्हाला ट्रेनिंगमध्ये आरशाबद्दल पुष्कळ शिकवलं होतं, पण आरसा कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं. आता सहलीची ड्युटी आली की मी हॉर्न देत नाही. खाली उतरतो आणि एकेकाला हाक मारून आणतो. नवे ड्रायव्हर हसतात, "काका, एक हॉर्न द्या, पळत येतील." येतात, मी बघितलंय. मागं राहायच्या भीतीनं गोळा झालेली पोरं लांबून शिस्तीची दिसतात. म्हणून मला उशीर होतो, आणि पोरं दर पाच मिनिटाला "मामा, आलं का?" विचारायला लागली की मी त्यांना गप्प बसवत नाही.