न केलेल्या चोरीची माफी

"फ्रीशिपवाले, स्टँड अप."

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. डेटा स्ट्रक्चरचा पहिला तास. सरांनी फळ्यावर विषयाचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं अजून.

आम्ही उभे राहिलो. मी आणि मागच्या बाकांवरची, माझ्यासारखीच फी माफ असलेली चार-पाच मुलं. बाकी वर्ग मान वळवून बघत होता. कोण कोण ते.

"ह्या विषयाकडून काय एक्स्पेक्ट करायचं ते आधीच सांगतो," सर म्हणाले. "स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ. पाठांतर चालत नाही इथे. डोकं लागतं. दरवर्षी अर्धा वर्ग ह्याच विषयात उडतो. कोण उडणार, ते मला पहिल्या दिवशीच कळतं."

आमच्याकडे बघून बोलले. मग म्हणाले, "बसा."

मी बसले. राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. कोणाची तरी जागा अडवून बसलेय मी.

खरं तर एकाच माणसाची जागा मी अडवली होती. ताईची.

आम्ही कोन गावचे. बाबा निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर होते. आयुष्यभर त्या खडखडाटात उभं राहून कान गेले, मग काम गेलं. ताई तेव्हा बारावी सायन्सला होती. मार्क माझ्यापेक्षा चांगले. तिने कॉलेज सोडलं आणि गोदामात पॅकिंगला लागली. लोकांनी मोबाईलवर मागवलेलं सामान खोक्यात भरायचं, टेप मारायची. अख्खी शिफ्ट उभ्याने. घरात ह्यावर कोणी बोलत नाही. पण सकाळी तिने भरलेला डबा हातात घेताना मला दर वेळी ते आठवतं.

वर्गात सर इंग्रजीतून भराभर सांगत. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत. एकदा धीर करून विचारलं, "सर, पॉइंटरमध्ये आकडा असतो की पत्ता?"

"पत्ता," सर म्हणाले. "का? पोस्टमन व्हायचंय?"

वर्ग हसला. उत्तर मिळालं होतं मला, बरोबर उत्तर. पण ऐकू आलं ते फक्त हसणं. त्यानंतर मी विचारणं बंद केलं.

लिंक्ड लिस्ट मी घरी शिकले. खडू घेऊन ओटीच्या लादीवर डबे, म्हणजे नोड, काढायचे. प्रत्येक डब्यात एक आकडा आणि पुढच्या डब्याचा पत्ता. मधला डबा काढून टाकायचा तर त्याच्या मागच्याला पुढचा पत्ता द्यायचा. सोपं होतं. पण पहिलाच डबा काढला तर? यादी सुरू कुठून होते तेच कोणाला माहीत राहत नाही. माझा प्रोग्राम तिथेच बंद पडायचा. जेवणाच्या सुट्टीत मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसायचे, त्या जुन्या कॉम्प्युटरवर. एका दुपारी तो चालला. पहिला डबा काढला, तरी यादी उभी. लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी एकटीच हसले.

त्याच कॉम्प्युटरवर माझ्यानंतर ईशान बसायचा. त्याच्या वडिलांची गोदामं आहेत. सरांशी इंग्रजीत बोलायचा, सर त्याच्याशी हसून बोलायचे. माझी फाईल मी तिथेच ठेवली होती. कोणी घेईल असं मनातही आलं नाही.

सबमिशनला सरांनी दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी लावले. ओळ न ओळ सारखी. फक्त नावं वेगळी. मी मराठीत नावं दिली होती, 'मागचा' आणि 'पुढचा', इंग्रजी अक्षरांत. त्याच्याकडे त्याच जागी इंग्रजी शब्द होते.

सर माझ्याकडे वळले. "त्याचं घेतलंस आणि नावं बदललीस. ती तरी नीट द्यायची."

"सर, मी स्वतः..."

"ही पहिल्या नोडची केस मी अजून शिकवलेली नाही. तुला सुचली?"

ईशान स्क्रीनकडे बघत होता. बघतच राहिला.

"सॉरी म्हण, इथेच संपवतो," सर म्हणाले. "नाहीतर हे वर जाईल. मग तुझी फ्रीशिप राहते की जाते, मला माहीत नाही."

माझ्या डोळ्यांसमोर ताईचे हात आले. टेप ओढून ओढून चिरलेली बोटं.

"सॉरी सर."

"कशाबद्दल?"

"कॉपी केली."

"मागे ऐकू जाऊ दे."

"मी कॉपी केली, सर."

झालं. सरांनी शून्य दिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या दिवसापासून मी चोरासारखी वागायला लागले. कोणाच्या शेजारून जाताना नजर दुसरीकडे. लॅबमध्ये हात मांडीवर, कोणी बघितलं तर संशय नको. कँटीनमध्ये कोणी हळू बोललं की वाटायचं, माझंच चाललंय. डबा तसाच परत न्यायचे आणि घराजवळच्या कुत्र्यांना घालायचे. त्याचीही लाज वाटायची. ताईने पहाटे उठून केलेलं असायचं ते. सगळ्यात वाईट म्हणजे मलाच शंका यायला लागली. खरंच मी त्याच्या स्क्रीनवर बघितलं होतं का? कधीतरी, जाता जाता? लादीवरचे डबे आठवायचे, तरी वाटायचं, सर म्हणतात तर असेल.

एका रविवारी ताई मोरीपाशी बोंबील साफ करत होती. मी पाणी ओतत होते.

"तुझा काय चाललाय?" तिने विचारलं. "तोंड बघ कसा झालाय."

मी सांगून टाकलं. सगळं. रडत सांगितलं. तिने हात थांबवला नाही. शेवटी विचारलं, "तू केलतीस का चोरी?"

"न्हाय."

"मंग माफी कशाची मागलीस?"

"फ्रीशिप गेली असती, ताई. तू एवढी राबतेस..."

तिने सुरी खाली ठेवली.

"आमाला सुटताना गेटवर उभ्या करतात," ती म्हणाली. "हात वर. बाई येते, कमरेला चाचपते, डबा उघडून बघते. रोज. मी रोज हात वर करते, पोटासाठी. पन 'मी चोर हाय' असा तोंडानं कवा बोलले न्हाय. कोनी बोलवून घेतला तरी बोलनार न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला कधी विचारलंच नव्हतं, तिकडे काय होतं म्हणून.

"आनि तुझी ती सॉरी माझ्या डोक्यावर ठेवू नको," ती म्हणाली. "मी नव्हता सांगितला."

पुन्हा सुरी घेतली. जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. बरं केलं.

सोमवारी सर वर्गात आले तशी मी उभी राहिले.

"सर, मला बोलायचंय."

"इन इंग्लिश."

"नाही सर. माफी मराठीत चालली होती तुम्हाला."

मी बाक धरून ठेवला होता.

"मी कॉपी केली नव्हती. तो प्रोग्राम माझा आहे. त्या दिवशी मी घाबरून खोटं बोलले. माझी चूक तेवढीच. ते सॉरी मी परत घेते."

"प्रूफ आहे?"

"आम्हा दोघांनाही विचारा. एकेक ओळ विचारा."

सरांनी ईशानकडे बघितलं. ईशानने वहीकडे. सरांनी काही विचारलं नाही. त्याला नाही, मलाही नाही. खडू उचलत म्हणाले, "ओरल माझ्याकडेच आहे तुझी. लक्षात ठेव."

लक्षात ठेवलं. त्यांनीही ठेवलं. ओरलला मी उत्तरं दिली, ते खिडकीबाहेर बघत होते. निकालात एकच विषय राहिला. डेटा स्ट्रक्चर. ईशान पास झाला. मागच्या बाकांवरचं कोणी माझ्या बाजूने बोललं नाही, आणि मला त्यांचा राग नाही. त्यांच्याही घरी कोणीतरी उभ्याने राबत असणार.

मी वर दाद मागितली आहे. फ्रीशिपचं काय होईल अजून कोणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, बघू.

अपराधी वाटणं गेलेलं नाही. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं होतं, भर वर्गात, मोठ्याने. परत घेतलं तरी निघालं होतं. ताईचं शिक्षण सुटलं आणि माझं चालू राहिलं, तेही खरं. ते ओझं माझं आहे. ते मी वाहीन. पण सरांनी माझ्या अंगावर टाकलेलं ओझं माझं नाही. इतके दिवस मी दोन्ही एकच समजत होते.

केटीची, म्हणजे राहिलेल्या विषयाची परीक्षा त्यांच्यासमोरच द्यावी लागली तर देईन. पुन्हा नापास केलं तर पुन्हा बसेन. वर्ष गेलं तर जाईल. जे मी केलं नाही, त्याची कबुली माझ्या तोंडून आता कोणालाही मिळणार नाही.