प्रथिनाले ऊन लागते

सगळ्या रिसोड तालुक्यात माणसांपेक्षा प्रथिनांना जास्त जपणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या बीएस्सीला जीवरसायन शिकवायला आला. मे महिन्यात शहाणी माणसं दारं लावून पडतात, तेव्हा सर हौसेनं उन्हाळी संशोधनाचा वर्ग घ्यायचे. वर्ग पहाटे पाचला, कारण "प्रथिनाले ऊन लागते." आम्हाला लागलं तर चालायचं. कूलरसमोरची जागा गोळेवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या डब्याची. त्यात परीक्षानळ्या आरामात बसलेल्या असायच्या आणि आम्ही भिंतीशी घाम पुसत. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाले, "तू बिघडली त दवाखाना हाये. हे बिघडलं त कोनाकडं नेऊ?" वर्गाबाहेरही तीच तऱ्हा. केनवडला माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आचारी जोरजोरात मठ्ठा घुसळत होता. सर पंगतीतून उठून गेले. "भाऊ, हळू. लय फेस काढशीन त प्रथिनं उलगडून जातीन." आचाऱ्यानं मुकाट्यानं रवी त्यांच्या हातात दिली. सरांनी इतक्या मायेनं मठ्ठा घुसळला की तो पंगतीत पोचलाच नाही.

सोयाबीनमध्ये युरिया तोडणारं एक प्रथिन असतं. ते काम करू लागलं की नळीतला पिवळा रंग गुलाबी होतो. युरिया मी बाबांच्या शेतातल्या पोत्यातून आणला, सोयाबीनचं पीठ आईनं गिरणीतून दळून दिलं. तीन पहाटा गेल्या, बाकीच्यांच्या नळ्या गुलाबी झाल्या, माझी हट्टानं पिवळीच. मी रडकुंडीला आले. सरांनी पिठाचा वास घेतला आणि विचारलं, "आईनं भाजलं काय हे?" भाजलंच होतं. कच्चं सोयाबीन पोटाला बाधतं, म्हणून तिनं सवयीनं कढईत घातलेलं. उष्णतेनं ते प्रथिन कधीच निकामी झालं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर हा माणूस संध्याकाळी जीपनं आमच्या घरी हजर. "वहिनी, प्रथिन मेलं की रंग येत नाई, हे तुमी दाखवलं. असा पुरावा लागतेच." माझ्या वहीत त्यांनी स्वतः लिहिलं: भाजलेला नमुना, आईकडून. आई तेव्हापासून आल्यागेल्याला सांगते की प्रयोगात तिचाही हात आहे.

सरांना एकच आस होती: शिकायला बाहेर गेलेल्यांपैकी एकानं तरी परत येऊन हा वर्ग हाती घ्यावा. बाबांशी वाद घालून त्यांनीच मला पुण्याला धाडलं. तिथं मी चांगल्या प्रयोगशाळेत लागले. हात घालावा तिथं थंडी, काही म्हणता काही बिघडत नाही. दर एप्रिलमध्ये सरांचा फोन यायचा, "पोरं जमले हायेत. पंधरा दिवस येतं काय?" दर एप्रिलमध्ये माझं काही ना काही निघायचं, आणि सर म्हणायचे, "काम सोडून येऊ नको." निवृत्तीनंतरही ते कॉलेजात येऊन वर्ग घेत राहिले.

यंदा फोन आलाच नाही. मीही कामात होते, लक्षात आलं तेव्हा पावसाळा सरत आला होता. मीच लावला. "या साली कोनी नाव देल्लं नाई," सर म्हणाले. "मी आठ दिवस जाऊन बसलो. मंग खोली कॉलेजवाल्याइले परत द्या लागली." इतकी वर्षं ते बोलावत होते आणि मी त्यांना नाही म्हणत होते, याची लाज वाटली. त्या खोलीची, त्या उकाड्याची, त्यांच्या बोलण्याची फार आठवण आली. म्हटलं, "सर, मेमध्ये मी महिनाभर येते. खोली मी मागते, पोरं मी जमवते. रजा आजच टाकते."



"कितीच्या गाडीनं येशीन?" सरांनी विचारलं. मे यायला अजून आठ महिने होते.