मुकुंदचे सेकंद

मुकुंदच्या बायकोचा, सुमेधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका मीटिंगमध्ये बसलो होतो. याच मीटिंगपायी त्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत नदीवर जाणं मी कॅन्सल केलं होतं. "अनिल, लगेच घरी ये. मुकुंद गेला रे," एवढंच ती म्हणाली. तो रोजच्यासारखा पळून आला, मागच्या दाराच्या पायरीवर बसला, एका बुटाची लेस सोडली आणि दुसऱ्या बुटाकडे हात नेता नेताच कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय अवघं त्रेचाळीस. याला आता सहा आठवडे झाले. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधली झाडं तेव्हा हिरवी होती, आता निम्मी रिकामी झाली आहेत. भेटायला येणारा प्रत्येक जण हळू आवाजात तेच विचारतो, की एवढा पळणारा माणूस, मग असं कसं झालं? मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. त्या शेवटच्या दिवशी तो किती वेळात पळाला, हे कोणालाच ठाऊक नाही. मुकुंद स्वतः कधीच घड्याळ बांधत नसे. त्याचं घड्याळ मी होतो.

मुकुंद मूळचा पुण्याचा, मी नागपूरचा. २००३च्या हिवाळ्यात तो आमच्या कंपनीत आला, तो थेट जपानहून. तिथे दोन वर्षं प्रोजेक्टवर असताना ऑफिसातल्या मोरी नावाच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने त्याला पळायची चटक लावली. आपल्याकडे लोक परदेशातून परफ्यूम नि चॉकलेटं आणतात, या पठ्ठ्याने सोबत झिजलेल्या बुटांचे चार जोड आणले. शिवाय एक हार आणली होती. समुद्रकाठच्या एका छोट्या गावात दर हिवाळ्यात बेचाळीस किलोमीटरची शर्यत होते आणि तिचा नियम फार कडक. दर पाच किलोमीटरला एक फाटक. ठरलेली वेळ संपली की फाटकावर दोर आडवा धरतात, आणि मागे राहिलेल्यांना अगदी वाकून नमस्कार करून बसमध्ये बसवतात. मुकुंदला तिसाव्या किलोमीटरला असंच बसमध्ये बसवलं होतं. "अन्या, त्यांनी शिव्या घातल्या असत्या ना, तर चाललं असतं," तो म्हणायचा. "नमस्कार केला यार त्यांनी." ते फाटक एकदा ओलांडायचं, एवढंच त्याला हवं होतं.

माझ्याकडे सायकल होती, आणि वाढत चाललेलं पोट होतं. म्हणून सायकलवरून त्याच्यासोबत जायचं आणि वेळ मोजायची, हे काम माझ्या गळ्यात पडलं. जपानात म्हणे प्रशिक्षक असेच सायकलवरून येतात. नदीकाठच्या फरसबंदी वाटेवर त्याने चाकाने मोजून दर किलोमीटरला निळ्या रंगाचा ठिपका काढला होता. ठिपका आला की तो पळता पळताच त्या किलोमीटरला लागलेली मिनिटं नि सेकंद सांगायचा, "चार सत्तावन्न." मग मी हातातलं घड्याळ बघायचो. चार सत्तावन्न! पहिल्या दिवशी मी हसलो. "मटक्याचा आकडा लागला तुझा," म्हणालो. दुसऱ्या दिवशी लागला, तिसऱ्या दिवशीही लागला. महिनाभरात माझं हसू बंद झालं. मोरी-सानने वर्षभर त्याला घड्याळाशिवाय पळवलं होतं, तेव्हा हे जमलं, असं तो सांगे. पण मला ते कधी सरावाचं वाटलं नाही. एका नोव्हेंबरात सकाळीच बर्फ पडला आणि वाट, गवत, सगळं एकसारखं पांढरं झालं. सायकल सरकत होती. मध्येच मुकुंद म्हणाला, "आता." समोर काहीच नव्हतं. मी उतरून बुटाने बर्फ बाजूला केला, तर खाली निळा ठिपका. तो तोपर्यंत पुढे निघून गेला होता, मागे वळूनही न बघता. माझ्या अंगावर काटा आला आणि तो थंडीचा नव्हता, हे मी आजही सांगू शकतो.

घरातही तेच. कुकरची शिटी व्हायच्या आधी हा मान वर करायचा. शिकागोहून येणारी गाडी घरामागून जायची, तर तिचा आवाज येण्यापूर्वी हा बोलता बोलता थांबायचा. सुमेधाला सवय झाली होती. "याच्या पोटात काहीतरी टिकटिकतं," ती म्हणायची, आणि आम्ही हसायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

पुढे पुढे मात्र त्याची गती मंदावली. चाळिशी उलटली, कामाचा ताण वाढला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! फाटक गाठायला किलोमीटरला पाच मिनिटं हवीत; त्यांच्या वर आकडा गेला की त्याचा दिवस संपायचा. जेवायचा नाही, मुलीशी बोलायचा नाही, संध्याकाळी पुन्हा बूट चढवून बाहेर. एक दिवस सुमेधाने मला ड्राइव्ह-वेमध्ये गाठलं. "अनिल, तू चार-पाच सेकंद कमी सांग ना त्याला. कोणाचं काय जातंय? तेवढंच घरात बरं वाटेल." मी म्हटलं, त्याला कळेल. ती म्हणाली, "तू आधी बोल. तो बोलायच्या आत."

खोटं बोल पण रेटून बोल, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ठिपका दिसताच मी ओरडलो, "चार अठ्ठावन्न!" घड्याळात पाच चार होते. मुकुंदने माझ्याकडे बघितलं. पळता पळता, बराच वेळ, समोर न बघता. मग म्हणाला, "छान." त्या दिवसापासून त्याने स्वतःचा आकडा सांगणं सोडून दिलं. मला वाटलं, झालं, बसला भरवसा माझ्यावर. घरी तो पोटभर जेवला, सुमेधाने मला मेसेज करून थँक्यू म्हटलं. असं दीड वर्ष चाललं. रोज नदी, रोज ठिपके, रोज माझं रेटून ओरडणं आणि त्याचं "छान". वसंतात खोटं, बर्फात खोटं.

मग व्हायचं तेच झालं. २००७च्या शेवटी तो म्हणाला, "या वेगाने फाटक निघतं. मी जपानचं तिकीट बुक केलंय." सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्याचा चेहरा इतका शांत होता की मी "बेस्ट, यार" एवढंच म्हणालो. आयुष्यात इतकी लाज मला कशाचीच वाटली नाही.

तो गेला आणि परत आला. पुन्हा तिसावा किलोमीटर, पुन्हा दोर, पुन्हा नमस्कार, बस. विमानतळावर आणायला मीच गेलो होतो. मला वाटलं आता विचारेल. त्याने मोरी-सानच्या हातच्या नूडल्सचं वर्णन केलं, समुद्रावरच्या वाऱ्याचं केलं, आणि "उद्या सकाळी येतोस ना?" म्हणाला. मी गेलो. ठिपका आला. मी काय ओरडणार, हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी सवयीने खोटंच बाहेर पडलं. "छान," तो म्हणाला.

गेल्या रविवारी सुमेधाने मला बोलावून घेतलं. मोरी-सानचं पत्र आलं होतं, इंग्रजीत, तुटक तुटक वाक्यांचं. ती वाचत होती आणि मी समोर बसून ऐकत होतो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मुकुंद त्याला म्हणाला होता, "उद्या तिसाव्या किलोमीटरला मला अकरा सेकंद उशीर होईल." मोरी-सान हसला. मग पळतोस कशाला, असं त्याने विचारलं. मुकुंद म्हणाला, "माझा मित्र मला रोज सांगतो की मी पोचेन. रोज न चुकता सांगतो. मी पळालोच नाही, तर त्याला कळेल की मला ठाऊक होतं." दुसऱ्या दिवशी मोरी-सान तिसाव्या किलोमीटरलाच थांबला होता; दोर आडवा झाल्यावर मुकुंद पोचला आणि फाटकावरच्या घड्याळाकडे पाठ करून उभा राहिला. धापा टाकत मोरी-सानला म्हणाला, "अकरा." मोरी-सानने वर बघितलं. अकराच होते. पत्रात पुढे लिहिलं होतं, मी सत्तर वर्षांचा आहे, पुष्कळ पळणारे पाहिले, पण त्या क्षणी मी त्याच्यापासून एक पाऊल मागे सरलो.

सुमेधाने पत्र खाली ठेवलं. ती म्हणाली, "म्हणजे तो जेवायचा ते..." तो आमच्यासाठी जेवायचा. मी इतके दिवस त्याला सांभाळतोय असं मला वाटत होतं, आणि हा माणूस रोज सकाळी पाच किलोमीटर पळत पळत मला सांभाळत होता.

काल सकाळी मी सायकल काढली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. धुकं होतं, वाट ओली होती. त्याच्या वेगाने, म्हणजे सायकलला संथच वाटेल इतक्या हळू जात राहिलो, वाटेची उजवी कड धरून. डावीकडे तो असायचा. पहिल्या ठिपक्यापाशी मी घड्याळ न बघता मोठ्याने म्हणालो, "पाच चार. मुकुंद, त्या दिवशी पाच चार होते. मी खोटं बोललो." धुक्यात माझाच आवाज मला परका वाटला. मी रडत होतो हे सांगायला मला संकोच नाही.

तेवढ्यात समोरून एक म्हातारी अमेरिकन बाई आली, कुत्र्याला फिरवत. वाट रुंद आहे, एका सायकलला नि एका बाईला सहज पुरेल इतकी. तरी ती कुत्र्याचा पट्टा आवळून थेट गवतात उतरली, दोघांना वाट करून दिल्यासारखी. जवळ आल्यावर हसून मला "गुड मॉर्निंग" म्हणाली. मग माझ्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर बघून, पुन्हा एकदा म्हणाली.